टेम्पोभर घरची माणसं

माझ्या लेकीला ऐकू येत नाही हे मला पहिल्यांदा एका परक्या बाईंनी सांगितलं, आणि तेही दारात उभ्या राहून, पातेल्यात दूध घेऊन झाल्यावर. या नाही, बसा नाही.

आमचं गाव कात्रजच्या अलीकडचं. तेव्हा ते नुकतंच पुणे महापालिकेत गेलं होतं, म्हणजे पाटी शहराची आणि रस्ता गावचाच. घरी म्हशी होत्या. बरंचसं दूध डेअरीत जायचं आणि उरलेल्याचा रतीब आमचे हे मोटारसायकलवरून पेठांमध्ये घालायचे. त्या दिवशी लेकीला लस टोचायची होती म्हणून मीही तिला घेऊन मागे बसले होते. ती अडीच वर्षांची होती. सदाशिव पेठेत एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर निवृत्त शिक्षिका राहायच्या, त्यांच्याकडे रतीब होता. यांच्या हातून कॅनचं झाकण सुटलं आणि दगडी जिन्यावरून खणखणत थेट तळापर्यंत गेलं. खालच्या मजल्यावरचे दोघं दार उघडून बाहेर आले. माझ्या कडेवरची लेक मात्र बाईंच्या भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक बघत होती. तिची पापणीसुद्धा हलली नाही.

बाईंनी पातेलं आत ठेवलं, परत आल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुमच्या मुलीला ऐकू येत नाही. माहीत आहे ना?"

"येतं की," मी म्हणाले. "लाजरी आहे जरा."

"लाजरी मुलंही दचकतात," बाई म्हणाल्या. मग आतून कॅलेंडरचं जुनं पान आणलं, त्याच्या मागं पत्ता लिहिला आणि माझ्या हातात दिला. "इथून चार इमारती सोडून आहे. तिथं पालकांना शिकवतात. मुलांना नव्हे, पालकांना. जाऊन या."

मला एवढा राग आला होता की लस टोचताना लेकीच्या आधी मीच रडले. दुधाचा रतीब घालतो म्हणून काय कुणीही काहीही बोलावं? तो कागद मी स्वयंपाकघरात चहाच्या डब्यामागं कोंबला आणि महिनाभर तिकडं बघितलं नाही. आता इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही, मला आधीपासून कळत होतं. मी तिला हाक मारायचंच सोडून दिलं होतं. जवळ जाऊन खांद्याला हात लावायचे, म्हणजे हाक मारूनही ती वळली नाही हे घरात कुणाला दिसायला नको.

घरात तसं कुणी काही बोलत नव्हतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, नवस बोलून मोकळ्या झाल्या होत्या. मामंजी, म्हणजे सासरे, मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, "आमच्यात पोरं उशिरानंच बोलत्यात. हिचा बाप चौथ्या वर्षी बोलला. अजून तरी कुठं बोलतोय?" यावर सगळे हसायचे, आमचे हेसुद्धा, आणि विषय तिथंच संपायचा. मामंजींच्या शब्दापुढं आमच्या घरात कुणी जात नसे.

मग एक दिवस सकाळी म्हैस सुटली. नुकतीच व्यायलेली, अंगावर येणारी म्हैस. लेक अंगणात पाठमोरी बसून मातीत काडीनं रेघा ओढत होती. ओट्यावरून, गोठ्यातून, स्वयंपाकघरातून सगळं घर तिच्या नावानं ओरडत होतं आणि ती शांतपणे रेघ ओढत होती. थोरल्या जाऊबाईंनी उडी घेऊन तिला उचललं. म्हैस निघून गेली. कुणाला कुणाकडं बघवेना. मामंजी खांबाला धरून उभे होते. मी आत गेले, चहाच्या डब्यामागून तो कागद काढला आणि त्यांच्यापुढं धरला. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी तो बराच वेळ बघितला. "जा," एवढंच म्हणाले.

दवाखान्यात तपासण्या झाल्या. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. छातीवर बांधायची डबी आणि तिथून कानात जाणारी वायर, असं मशीन मिळालं. मला वाटलं, मशीन लावलं की पोरगी बोलायला लागणार. त्या पत्त्यावरच्या केंद्रातल्या बाईंनी पहिल्याच दिवशी माझा हा गैरसमज काढून टाकला. त्या बुटक्या, सुती साडीतल्या, आणि बोलायला रतीबाच्या त्या निवृत्त शिक्षिकाबाईंच्या सख्ख्या बहीण शोभतील अशा होत्या.

"मशीननं थोडा आवाज पोचेल, भाषा नाही," त्या म्हणाल्या. "भाषा तुम्ही द्यायची. भाकरी थापताना बोला, धार काढताना बोला, पण तिच्यासमोर बसून, तोंड उजेडात ठेवून. थोडं ती ऐकेल, बरंचसं ओठांवरून बघेल. सहा-सात वर्षांची होईपर्यंत जे मिळेल ते मिळेल. नंतर फार अवघड जातं. किती वर्षं वाया घालवलीत?"

"अडीच," मी म्हणाले. त्यात माझा तो एक महिना होता हे मी सांगितलं नाही.

दर शनिवारी मी लेकीला घेऊन जायला लागले. दोन खोल्या, एक सतरंजी, भिंतीवर चित्रं. लेकीशी दिवसभर काय बोललो ते मी वहीत लिहायचं आणि बाईंनी लाल पेनानं त्यावर शेरे मारायचे. माझ्या पहिल्या वहीवर शेरा होता, "घरात फक्त तुम्हीच बोलता का?" चौथ्या आठवड्यात घरी पोस्टकार्ड आलं. "येत्या शनिवारी दुपारी तीन वाजता मुलीशी रोज बोलणाऱ्या घरातील सर्वांनी यावे. सबब चालणार नाही."

यांनी ते ओट्यावर उभं राहून मोठ्यानं वाचलं. मामंजी म्हणाले, "सबब सांगतंय कोन? चला की."

आता शहरातल्या माणसाला असं पत्र आलं तर आई येते, बाप येतो, फार तर आजी येते. आमच्याकडं मोजणी सुरू झाली. मामंजी आणि आत्याबाई. थोरले दीर आणि जाऊबाई. धाकटे दीर आणि जाऊबाई. त्यांची मिळून पाच पोरं. शेजारच्या खोलीतली चुलत आजी, कारण लेक सकाळची न्याहारी तिच्याकडंच करायची. आणि आम्ही दोघं. एकालाही वगळायचं म्हटलं तर ते पत्राच्या विरुद्ध गेलं असतं. मी हळूच म्हणाले की एवढ्यांनी कशाला, तर आत्याबाई म्हणाल्या, "का गं, मी बोलत न्हाई व्हय तिच्याशी?" चाऱ्याचा टेम्पो धुऊन काढला, आत सतरंजी टाकली. मामंजींनी लग्नातला पांढरा फेटा बांधला. आत्याबाईंनी नारळ घेतला आणि ओल्या शेंगांची मोठी पिशवी. कुणाच्याही दारात रिकाम्या हातानं जायची रीत आमच्यात नाही.

पेठेच्या त्या बोळात टेम्पो शिरला खरा, पण पुढं जाईना. एकेक जण उतरायला लागला. समोरच्या खिडकीतून एका गृहस्थांनी डोकं बाहेर काढलं आणि म्हणाले, "अहो, मंगल कार्यालय पुढच्या चौकात आहे." मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मामंजींनी मात्र त्यांना हात जोडून रामराम घातला.

आम्ही सगळे जिना चढून वर गेलो. खोलीत दोन शहरी जोडपी आणि एक एकटी आई, अशी शिस्तीत खुर्च्यांवर बसली होती. बाई फळ्याशी होत्या. आम्ही आत येतच राहिलो. चुलत आजी शेवटी आली, तिला जिना चढायला वेळ लागला. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मी घरातल्यांना बोलावलं होतं," त्या म्हणाल्या. "गावाला नव्हे."

मामंजी पुढं झाले. "बाई, पोरीसंगं रोज बोलनाऱ्या मानसांनी या, असं लिवलं हुतं. ती हीच हायेत. दोन म्हशी घरी ऱ्हायल्यात, पर त्या काय जिना चढायच्या न्हाईत."

बाई हसायला लागल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. खुर्च्या बाजूला सरकवल्या, शेजाऱ्यांकडून आणखी एक सतरंजी आली. ती एकटी आलेली आई आमच्याकडं बघत होती. मी शेंगा वाटताना तिनं मला विचारलं, "हे सगळे तुमच्या घरचे? माझ्याकडचं कुणीच येत नाही हो. सासूबाई म्हणतात, चार लोकांत कळायला नको." तिचे डोळे भरून आले. पाच मिनिटांपूर्वी मला माझ्या माणसांची लाज वाटली होती याची मला फार लाज वाटली. त्या दिवसापासून मी त्या टेम्पोचं वर्णन कुणापुढंही मान वर करून करते.

मग शिकवणं सुरू झालं. बाईंनी मामंजींच्या कानांत कापूस घातला, वरून टॉवेल गुंडाळला आणि आम्हाला सगळ्यांना एकदम बोलायला सांगितलं. मामंजी एकेका तोंडाकडं बघत राहिले. लेक रोज कशात बसते ते त्यांना कळलं असावं, कारण टॉवेल काढल्यावर त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि मग खाली ठेवलंच नाही. नंतर बाई एकेकाच्या मागं लागल्या. थोरल्या जाऊबाई पदर तोंडापुढं धरून बोलतात, तो काढा. धाकट्या दिरांच्या तोंडात तंबाखू, ती थुंका. आत्याबाई चुलीकडं तोंड करून बोलतात, वळून बसा. आणि मग त्या मामंजींसमोर येऊन थांबल्या.

"आजोबा, तुमचं बोलणं तर तिला दिसतच नाही," बाई म्हणाल्या. "मिशी आहे."

थोरल्या जाऊबाईंनी सोडलेला पदर परत तोंडापुढं धरला. मामंजींची मिशी म्हणजे नुसती मिशी नव्हती. वरचा ओठ पूर्ण झाकून खालच्यावर उतरणारी, तेल लावून पीळ दिलेली. आजूबाजूच्या चार गावांत त्यांना त्यांच्या नावानं कमी आणि मिशीनंच जास्त ओळखायचे. आयुष्यात एकदाच त्यांनी ती उतरवली होती, त्यांचे वडील गेले तेव्हा. आमच्यात मिशी उतरते ती बाप गेल्यावरच. पेठेतल्या बाईंना हे कुठून माहीत असणार? त्यांनी केस विंचरा म्हणावं तसं सांगितलं आणि पुढच्या माणसाकडं वळल्या.

परतताना टेम्पोत मामंजी लेकीला मांडीवर घेऊन रस्त्याकडं बघत बसले. मिशीची मला फिकीर नव्हती. मामंजींचा अपमान झाला असेल आणि उद्यापासून शनिवार बंद झाला, तर माझ्या लेकीची भाषा तिथंच संपणार होती. माझ्यात त्यांच्याविरुद्ध जायची ताकद आहे का, हे मी रस्ताभर स्वतःला विचारत होते. घरी आल्यावरही ते काही बोलले नाहीत. रविवारी नाही, सोमवारी नाही. जेवायचे, गोठ्यात जायचे, आणि लेकीकडं बघत बसायचे.

मंगळवारी सकाळी ते न सांगता बाहेर गेले. तासाभरानं अंगणात आत्याबाईंची किंकाळी ऐकू आली. "अगं बया! कोन गेलं वो?"

मामंजी दारात उभे होते. फेटा होता, काठी होती, आणि मिशी नव्हती. त्यांचा वरचा ओठ ऊन न लागलेला, गोरा होता. मला तो माणूस ओळखूच येईना.

"कोन गेलं न्हाई," ते म्हणाले. "नातीला माझं बोलनं दिसत नव्हतं."

मी भिंतीला टेकून रडले. आनंदानं रडले, अभिमानानं रडले, आणि या माणसाबद्दल तीन दिवस मी काय काय विचार केला होता त्या शरमेनंही रडले.

दुपारपर्यंत गावात बातमी पोचली. माणसं गंभीर चेहऱ्यानं येऊन ओट्यावर बसायला लागली. एकजण तर मयताला जातात तसा डोक्याला टॉवेल गुंडाळूनच आले होते. मामंजी प्रत्येकाला म्हणायचे, "बसा. कोन गेलं न्हाई. च्या घ्या." आणि मग सगळं सांगायचे, कापूस, टॉवेल, ओठ, पोस्टकार्ड. त्यांच्या वयाचा एक सोबती म्हणाला, "पोरीच्या जातीसाठी मिशी उतरवली व्हय रं?" मामंजींनी त्याच्याकडं शांतपणे बघितलं. "व्हय. तुला तर जन्मापासनं ऐकू येतंय. तू कवा ऐकलंस माझं?"

त्यानंतर रोज संध्याकाळी, उजेड असेतोवर, मामंजी उंबऱ्यावर बसायचे आणि लेक त्यांच्यासमोर पाटावर. नातवंडं त्यांना आबा म्हणायची. म्हणून तोच शब्द. "आ-बा." मोठा आ, मग ओठ मिटून बा. ती त्यांच्या ओठांवर बोट ठेवायची, मग स्वतःच्या. आवाज निघायचा तो कसलातरी, शब्द नव्हे. असे पाच महिने गेले. दर आठवड्याला मामंजी न्हाव्याकडं जाऊन ओठ गुळगुळीत करून यायचे. वहीत मी लिहायचे, "आजोबांनी आबा शिकवले," आणि बाई लाल पेनानं लिहायच्या, "आजोबांना सांगा, थांबू नये."

एक दिवस मामंजी म्हशीच्या पाठीवर पाणी ओतत होते, लेकीकडं पाठ करून. ती गोठ्याच्या दारात उभी होती आणि मी तिच्या मागं. "आबा," ती म्हणाली. जरा नाकातून, जरा जाड, पण आबाच. मामंजींनी वळून विचारलं, "कोन बोललं?" मी तिच्याकडं बोट दाखवलं. बादली तिथंच टाकून त्यांनी तिला खांद्यावर घेतलं आणि सगळ्या आळीतून फिरवून आणलं. प्रत्येक दारात तिला म्हणायला लावलं आणि ती म्हणाली.

पुढच्या रतिबाला मी मुद्दाम लेकीला घेऊन सदाशिव पेठेतल्या त्या निवृत्त बाईंकडं गेले. मी त्यांचे आभार मानले. त्यांनी लेकीला खाली बसून विचारलं, "लाडू हवा?" तिनं ओठ वाचून मान हलवली. लाडू देऊन बाई उठल्या. मी केंद्रात कधी गेले ते त्यांनी तिथं विचारलं असावं, कारण मला म्हणाल्या, "महिना उशीर केलात." मीही त्यांना सांगितलं की हो, केला, आणि का केला तेही सांगितलं. त्यांनी मला आत बसायला बोलावलं.

आमच्या टेम्पोमुळं केंद्रातही एक पायंडा पडला. तिथल्या बाई वर्षातून एकदा जवळच्या शाळेचं सभागृह मागून घ्यायच्या आणि पोस्टकार्डावर लिहायच्या, "आजी, आजोबा, काका, काकू, शेजारी, जे बोलतात ते सर्व." त्या एकट्या येणाऱ्या आईच्या सासूबाई दुसऱ्या वर्षी आल्या. मामंजींनी त्यांच्याशी काय बोलणं केलं मला माहीत नाही, पण नंतर त्या दर वेळी यायच्या. लेक मोठी झाली, गावच्याच शाळेत चारचौघांबरोबर शिकली, पुढं इमारतींची रेखाटनं काढायला शिकली आणि एका कार्यालयात लागली. मी मात्र अजून शनिवारी जाते. नवी आई आली की तिच्याशेजारी बसते, राग आलेला असतो तो ओळखते, आणि तिला विचारते, घरी आणखी कोण कोण बोलतं?

मामंजी गेले तेव्हा लेक बावीस वर्षांची होती. त्यांनी मिशी परत कधीच वाढवली नव्हती. आमच्याकडं माणूस गेला की चौकात त्याच्या फोटोचा मोठा फलक लागतो. भावकीतली माणसं ओट्यावर बसून फोटो निवडत होती आणि सगळ्यांचं एकमत झालं, तो जुनाच, फेट्यातला, पिळदार मिशीचा. गावाला माहीत आहेत ते असेच, आणि ऐट पण काय आहे! आमच्या यांनीसुद्धा मान हलवली. मीही गप्प होते, कारण फोटो खरंच देखणा होता.

लेक दारात उभी राहून सगळ्यांचे ओठ बघत होती. ती पुढं आली, भावकीच्या मधोमध उभी राहिली आणि बोलली. तिचं बोलणं आजही जरा नाकातून येतं, अनोळखी माणसाला पहिलं वाक्य कळत नाही. पण त्या ओट्यावरच्या प्रत्येकाला ते कळलं.

"हा नको," ती म्हणाली. "यात आबा बोलत नाहीत."

थोरल्या दिरांनी तो फोटो बाजूला ठेवला आणि आत जाऊन दुसरा आणला, उंबऱ्यावर बसलेला, उघड्या ओठांचा. चौकात तोच लागला.